जुने बंद करण्याआधी : रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड,
अलिबाग.



पत्र खुले लिहितोय, कारण विषय एकट्या तुमच्या टेबलावरचा नाही. तरी ते तुम्हालाच लिहितोय. मुंबईत किंवा दिल्लीत कुठलीही नवी यंत्रणा ठरली, की ती आमच्या दारात पोहोचते ती तुमच्या कार्यालयाच्या शिक्क्यानिशी.

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमले गेले. कागदोपत्री ते कर्नाळा-साई-चिरनेर, लोकांच्या तोंडी तिसरी मुंबई. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. जमीन, मोबदला, विमानतळाला शेतकरी नेते दि. बा. पाटलांचे नाव, यांवर पुष्कळ लिहिले जाते आणि ते लिहिले जायलाच हवे. मला लिहायचे आहे ते या सगळ्याच्या मागून येणाऱ्या गोष्टींबद्दल : माणसाऐवजी निवाडा करणारी यंत्रे, आकाशातून पंचनामा करणारी ड्रोन, चालकाविना चालणाऱ्या क्रेन, समुद्रावर सतत नजर ठेवणारे उपग्रह. काही आलेच आहे, काही पाच-दहा वर्षांत येईल. ते यावे की न यावे, या वादात मला रस नाही. आमच्या मताने ते थांबणारही नाही. पण कुठल्या क्रमाने यावे, यावर मात्र आम्हाला बोलता येईल. तो क्रम तुमच्याच गावात, अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत, एकशेवीस वर्षांपूर्वी घालून दिलेला आहे.

हकीकत अशी. मुंबईच्या कुलाब्यात १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. विसावे शतक उजाडताना मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर नेण्याचे ठरू लागले. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो आणि मोजणीची नाजूक सुई बिथरते. म्हणजे ट्राम आली की साठ वर्षांची मोजणी संपली. वेधशाळेचे संचालक तेव्हा नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस होते, त्या पदावरचे पहिले भारतीय. ट्राम अडवली गेली नाही आणि सुईही मोडीत निघाली नाही. ट्रामच्या उपद्रवापासून लांब, पण तुलना करता येईल इतकी जवळ, अशी जागा शोधली गेली. कुलाब्यापासून सुमारे ३० किलोमीटरवरचे अलिबाग ठरले. बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळून इमारत उभी राहिली आणि १९०४ मध्ये इथली मोजणी सुरू झाली. (मुंबईच्या कुलाब्यातून निघालेली वेधशाळा कुलाबा जिल्ह्यात येऊन पडली. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव तेच होते, रायगड झाले १९८१ मध्ये.)

खरी गोष्ट पुढची आहे. अलिबाग सुरू झाले म्हणून कुलाबा बंद केला नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालली. कुलाब्याची सुई काय सांगते, अलिबागची काय सांगते, फरक किती, तो का, हे ताडून पाहिले. मग कुलाब्याची मोजणी थांबली, आणि १९०७ च्या मे महिन्यात मुंबईच्या रस्त्यावर विजेची ट्राम धावली. आधी काय बिघडणार ते ओळखले, मग पर्याय बांधला, तो जुन्याच्या शेजारी दोन वर्षे चालवला, आणि सगळ्यात शेवटी नवे यंत्र आणले. आपल्याकडे हल्ली हा क्रम बरोबर उलटा असतो.

त्या साठ वर्षांच्या नोंदींचा उपयोग काय, असे कुणी विचारील. २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरून आलेल्या वादळाने पृथ्वीचे चुंबकत्व हलले होते आणि युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या होत्या. त्या दिवशीची कुलाब्याची नोंद इतकी मोलाची ठरली, की २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वादळाची ताकद तिच्यावरून नव्याने काढली. १९८९ च्या मार्चमध्ये अशाच, पण लहान वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज घालवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकने सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी चाळीसेक उपग्रह अशाच वादळात गेले. त्याच स्टारलिंकशी महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये इरादापत्रावर सह्या केल्या आहेत, दुर्गम भागाला इंटरनेट द्यायला. उद्याचा उपग्रह टिकेल की नाही याचे उत्तर ज्या नोंदींत शोधावे लागते, त्या अलिबागला आजही ठेवल्या जातात. ‘अलिबागसे आया है क्या’ म्हणणाऱ्यांना हे कळवायला हरकत नाही.

मला इंग्रज सरकारचे गोडवे गायचे नाहीत. सुईसाठी जी काळजी घेतली गेली ती माणसांच्या वाट्याला आली नाही. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरला अक्कादेवीच्या माळावर याच सरकारने जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. माझे म्हणणे एवढेच, की सुईला जो न्याय मिळाला तो माणसांना मिळावा.

आता आपल्या काळाकडे येतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्यातल्या गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती, मोबाइलचे मनोरे आडवे झाले होते, आणि वर टाळेबंदी. मुंबईतल्या पोराला आईबाप जिवंत आहेत की नाहीत हे कळायला दिवस लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये, म्हणजे वादळानंतर जेमतेम महिन्याभराने, याच जिल्ह्यात पनवेलजवळ देशातल्या मोठ्या डेटा सेंटरांपैकी एकाचे उद्घाटन झाले. तिथे वीज क्षणभरही जाऊ नये अशी दुहेरी-तिहेरी व्यवस्था आहे. ती असायलाच हवी, त्यात चूक काही नाही. पण एकाच जिल्ह्यात, एकाच पावसाळ्यात, यंत्राच्या वाट्याला तीन पर्याय आणि दिवेआगरच्या माणसाच्या वाट्याला मेणबत्ती, हे चित्र भविष्याच्या गप्पा मारताना समोर ठेवावे असे मला वाटते.

निसर्गनंतरचे पंचनामे आठवा. भरपाई हेक्टरावर मोजायला लागले तेव्हा वाडीवाले हवालदिल झाले, कारण आमची वाडी गुंठ्यांत असते आणि झाडांत मोजायची असते. बरीच आरडाओरड झाली, मग नारळ-सुपारी झाडागणिक धरायचे ठरले. उद्या हाच पंचनामा ड्रोन किंवा उपग्रह करील. तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) जिथे महिना लागला तिथे तासाभरात काम होईल, आणि त्याचे मला स्वागतच आहे. पण वरून वाडी दिसते कशी? वर नारळाचे शेंडे दिसतात. त्याखाली सुपारी, सुपारीखाली केळ आणि जायफळ, आणि पोफळीला वेढलेला मिरीचा वेल. वरचा नारळ शाबूत आणि खालची सुपारी मोडलेली, असे असेल तर आकाशातले यंत्र लिहील : नुकसान नाही. सुपारी पुन्हा लावून हाती यायला सात-आठ वर्षे जातात, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. म्हणून एका तालुक्यात एक-दोन पावसाळे दोन्ही पंचनामे करा. वरून यंत्राने, खालून माणसाने, आणि फरक चावडीवर लावा. यंत्र खरे ठरले तर आम्हीच टाळ्या वाजवू.

इर्शाळवाडीबद्दल लिहिताना हात जड होतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली ती ठाकरवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसे बेपत्ता म्हणून जाहीर झाली. हेलिकॉप्टर सज्ज होती, पण हवामानाने उडू दिले नाही. जेसीबी वर चढवायला रस्ता नव्हता. शेवटी माणसेच कुदळ-फावडी घेऊन डोंगर चढली. आणि विधिमंडळात सांगितले गेले, की दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नावच नव्हते. त्याच्या दोन वर्षे आधी, २२ जुलै २०२१ ला, महाडच्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गेली होती, म्हणजे धोका नवा नव्हता.

आता समजा, येत्या काळात दरडीचा इशारा देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता जिल्ह्यात बसली. पाऊस मोजील, उतार मोजील, मातीतला ओलावा मोजील, रात्री दोन वाजता प्रत्येक फोन वाजवील. ती यावीच, आजच यावी. पण ती कुठल्या वाड्यांवर लक्ष ठेवणार? यादीतल्या. यादीत नसलेल्या वाडीसाठी जगातले सर्वांत हुशार यंत्रही गप्प बसेल, आणि त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लोक ‘धोका नाही’ असा लावतील. यंत्र नसताना माणूस निदान ओढ्याचे पाणी गढूळ झाले का, घराच्या भिंतीला चीर गेली का, हे बघत असतो. यंत्रावर विसंबला की ते बघणेही सुटते. मला भविष्याची सगळ्यात मोठी भीती वाटते ती इथे.

यादीवरचा उपायही तुमच्याच खात्यात आहे. सातबारा संगणकावर चढवला तेव्हा चुकांचा पाऊस पडला होता. कुणाचे नाव गळले, कुणाचे क्षेत्र कमी झाले, कुणाच्या बहिणीचा हक्क उडाला. २०१७ मध्ये महसूल खात्याने चावडी वाचनाची मोहीम घेतली. संगणकातला उतारा गावात मोठ्याने वाचायचा, लोकांनी ऐकायचे, चूक असेल तर तिथेच हात वर करायचा. गेल्या पंचवीस वर्षांत सरकारने केलेल्या कामांत मला हे फार शहाणपणाचे वाटते. सगळ्या चुका त्याने निघाल्या नाहीत. अजूनही कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज घेऊन म्हातारी माणसे तहसीलच्या पायऱ्या चढतात, आणि यंत्राने केलेली चूक सिद्ध करण्याचे ओझे ज्याची चूक नाही त्याच्यावर पडते. पण तत्त्व पक्के होते : संगणकात काय लिहिले आहे ते ज्याच्याबद्दल लिहिले आहे त्याला ऐकवले पाहिजे.

मग हीच रीत पुढच्या यंत्रांना का नको? दरडप्रवण यादी, पूररेषेतली घरे, योजनेतून वगळलेली नावे, ज्यांच्या अर्जावर संगणकाने ‘संशयास्पद’ असा शिक्का मारला ते अर्जदार, हे सगळे चावडीवर वाचले जावे. हे काही कल्पनेतले नाही. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली तेव्हा ओटीपी कुणाच्या फोनवर येणार आणि फोन कुणाच्या खिशात असणार, हा प्रश्न आमच्या वाड्यांवर अगदी खरा होता. मिठागरात आणि भाताच्या चिखलात जन्म काढलेल्या बाईच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. उद्या ठशाऐवजी बोलणारे यंत्र येईल आणि तुमच्या कार्यालयातल्या खिडकीवर तेच बसेल. उरणची आजी त्याला म्हणेल, “माजा नाव यादीन नाय.” पुस्तकी मराठीवर वाढलेल्या यंत्राला ही आगरी बोली किती कळेल? कळेलही, शिकवले तर. पण ते शिकवायला उरणची, मुरूडच्या कोळीवाड्याची, कर्जतच्या कातकरी-ठाकरांची माणसे बसवावी लागतील, मजुरी देऊन. ‘सबब अर्ज निकाली काढण्यात आला आहे’ असे वाक्य यंत्राला आधीच येते, त्याची चिंता नको.

समुद्राकडे वळतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांच्या आधारे मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे ते कळवते. मोबाइलची रेंज संपल्यावरही संदेश देता-घेता येईल असे ट्रान्सपॉन्डर बोटींवर बसत आहेत. वादळात सापडलेल्या खलाशासाठी हे वरदान आहे आणि त्यावर दुमत नाही. जानेवारी २०२५ पासून राज्याच्या किनाऱ्यावर मासेमारी खात्याची ड्रोन उडू लागली, आपल्याकडे रेवदंडा आणि श्रीवर्धनहून. एलईडी दिवे लावून आणि बेकायदा पर्ससीन जाळ्यांनी समुद्र खरवडणाऱ्यांना चाप बसणार असेल तर डोलकर त्याचे स्वागतच करील. मासळी नाहीशी झाल्याचा फटका आधी त्यालाच बसला आहे.

पण एक गोष्ट नीट ठरवून घ्या. आज ड्रोन फोटो काढते आणि अधिकारी ठरवतो. उद्या ड्रोनच ठरवील, नोटीस फोनवर येईल, दंड खात्यातून जाईल. ज्याचा परवाना अडकला तो नाखवा कुणाकडे जाईल? संगणकाने ठरवले, आमच्या हातात नाही, हे वाक्य त्याने कुणाकडूनही ऐकता कामा नये. प्रत्येक यंत्राच्या मागे तालुक्यात बसणारा, नाव-हुद्दा असलेला, निर्णय फिरवण्याचा अधिकार असलेला एक माणूस असावा. हे कायद्यात येईल तेव्हा येईल, तुमच्या जिल्ह्यात तुम्ही परिपत्रक काढून सुरू करू शकता.

जुनी नाखवा मंडळी भरतीची वेळ तोंडी काढत. तिथीची पाऊणपट करायची : अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. आता हे मोबाइलवर मिनिटासकट दिसते आणि पोरांना तिथी कुठली तेच माहीत नसते. यात हळहळण्यासारखे फारसे नाही, मिनिटासकट वेळ चांगलीच. पण निसर्गसारख्या दिवशी फोन मेला तर पाऊणपट येणारा एखादा तरी बोटीवर असावा. खारबंदिस्तीचेही तसेच. उधाणाला बांध कुठे खचतोय, उघाडीचे दार कुठे अडकलेय, हे सांगणारी स्वस्त यंत्रे धरमतर खाडीच्या बांधांवर बसवा असे मी म्हणेन. कुणी मंत्री त्यांचे उद्घाटन करायला येणार नाही इतकी ती लहान असतील, म्हणूनच बहुधा अजून बसलेली नाहीत. बांधाला खांड गेली आणि खारे पाणी शेतात शिरले की पुढची काही वर्षे भात नाही, त्यापुढे ती जमीन पडीक म्हणून कुणाच्याही डोळ्यांवर येते. मात्र यंत्र बसले म्हणून बांधावर फिरणारा गावकीचा माणूस काढू नका.

रोजगाराबद्दल थोडक्यात, कारण इथे माझ्याकडे उत्तर नाही. १९८४ च्या जानेवारीत उरणच्या शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी रक्त सांडले, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क आला. त्या काळच्या सौद्याचा दुसरा भाग होता नोकरी : जमीन घ्या, पोराला बंदरात लावा. रॉटरडॅमच्या बंदरात १९९३ पासून कंटेनर वाहणाऱ्या गाड्यांना चालक नाही. आपल्याकडेही क्रेनवरचा माणूस खाली उतरून पडद्यासमोर बसेल, आणि काही वर्षांनी तिथूनही उठेल. तेव्हा तिसऱ्या मुंबईतल्या १२४ गावांशी बोलताना ‘घरटी नोकरी’ हे शब्द कुणीही सहज वापरू नयेत. वापरले तर कुठली नोकरी, किती वर्षांची, ती यंत्राने घेतली तर पुढे काय, हे करारात लिहून द्यावे. यंत्राच्या कमाईत जमीनवाल्याचा कायमचा वाटा, हा विचार कुणी तरी गंभीरपणे मांडायला हवा. दि. बा. असते तर त्यांनी तोच मांडला असता असे मला वाटते, पण हा माझा अंदाज.

लोकांना विचारायचे कसे, याचाही पाठ तुमच्याच कार्यालयात आहे. २१ सप्टेंबर २००८ ला महामुंबई सेझसाठी पेण तालुक्यातल्या २२ गावांत जनमत घेतले गेले. ते घेणारे रायगडचे जिल्हा प्रशासनच होते. निकाल कधी रीतसर जाहीर झाला नाही, पण कौल काय होता हे सगळ्यांना कळले आणि सेझ पुढे बारगळला. तेव्हा एका शेतकऱ्याला कागदावर होय की नाही एवढे तरी सांगता आले. त्याच्या शेताचा, त्याच्या बोटीचा, त्याच्या अर्जाचा निवाडा करणाऱ्या यंत्राबद्दल त्याला अजून कुणी काहीच विचारलेले नाही.

माझी मागणी एवढीच. जिल्ह्यात यापुढे माणसाच्या हक्काचा निर्णय घेणारी कुठलीही यंत्रणा आली, तर जुनी पद्धत किमान दोन वर्षे तिच्या शेजारी चालू ठेवा आणि दोहोंतला फरक लोकांना दाखवा. अलिबागला हे १९०४ ते १९०६ मध्ये जमले होते. सुरुवात मोठी नको. येत्या १ मे ला ग्रामसभा होतील, पावसाला महिना असेल. त्या दिवशी जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत दरडप्रवण आणि पूरप्रवण वाड्यांची यादी मोठ्याने वाचा, वाड्या-पाड्यांवरची माणसे तिथे असतील असे बघा, आणि जे नाव राहिले असेल ते त्यांच्यासमोर लिहून घ्या. त्यासाठी मुंबईच्या परवानगीची गरज नाही. एवढे परिपत्रक या आठवड्यात काढावे, ही विनंती.

आपला,
रेवदंड्याकडचा एक रहिवासी